नातीचा ॲप्रन

मंडळी, महिनाभर काही लिहिणं झालं नाही. गुडघ्यांची कुरकुर चालू होतीच, पण खरं सांगायचं तर एका चित्राने मला अडकवून ठेवलं होतं. चित्र म्हणजे काही मोठं नव्हे. डॉक्टरी ॲप्रनच्या खिशावर मशीनने भरायचं तीन इंचांचं एक चिन्ह. पण त्याच्या मागे लागले आणि कुठल्या कुठे जाऊन आले. आता लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही.

त्याचं झालं असं. माझी नात, म्हणजे मोठ्या लेकाची मुलगी, परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. आता शेवटचं इंटर्नशिपचं वर्ष सुरू आहे आणि त्यातले काही आठवडे खेड्यातल्या दवाखान्यात काढायचे आहेत. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "आजी, दोन नवे ॲप्रन शिवून घेतलेत. खिशावर भरायचं डिझाइन पाठवते. माणगावला तुझ्या ओळखीचा तो कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाला आहे ना, त्याच्याकडून करून दे. इथे एक-दोन नगांना कोणी हात लावत नाही."

मोबाइलवर चित्र आलं. बदामाच्या आकारात वळवलेला स्टेथोस्कोप, आत एक कुत्रा, एक मांजर, पंजाचा ठसा, कोपऱ्यात घोड्याची मान. खाली इंग्रजी व्ही अक्षर, त्यावर एक काठी आणि काठीला वेढा घालून साप. पशुवैद्यकांसाठी आणि प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी खास बनवलेली तयार फाइल. पैसे भरायचे, उतरवून घ्यायची आणि मशीनला द्यायची.

मी म्हटलं, "अगं, यात गाय कुठे आहे? म्हैस, बकरी, कोंबडी, काहीच नाही?"

ती हसली. "आजी, फाइल अमेरिकेतली आहे. तिकडे दवाखान्यात जास्त करून कुत्री-मांजरंच येतात."

जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "छातीवर साप कशाला मिरवायचा? आणि एवढी हुशार पोर, ही गुरांची डॉक्टर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण ते मला ठाऊक होतं. कारण पाच वर्षांपूर्वी तिला प्रवेश मिळाला तेव्हा ते वाक्य मीच पुरं केलं होतं. "एमबीबीएस नाही का गं मिळालं?" असं मी तिला विचारलं होतं. पेढा हातात घेऊन विचारलं होतं. तिने काही उत्तर दिलं नाही. आपल्या घरातल्या बहुतेकांनी हाच प्रश्न तेव्हा कुठल्या ना कुठल्या शब्दांत विचारला होता, हे हा लेख वाचणाऱ्या आपल्या माणसांना आठवत असेलच.

तर त्या रात्री झोप येईना. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तासाची गरज पडली तर मुलींना शिवणही शिकवलं. चिन्ह आणि टाका, दोन्ही माझ्याच अंगणातले विषय. मग म्हटलं, हे कुत्रं, हा घोडा आणि हा साप या चित्रात आले कुठून आणि आपली गाय बाहेर का राहिली, ते तरी बघू.

सापापासून सुरुवात करते, कारण जाऊबाईंची हरकत त्यालाच होती. ग्रीक लोकांचा वैद्यकाचा देव ॲस्क्लेपियस. त्याच्या हातात काठी आणि काठीला एकच साप. साप कात टाकतो आणि नवा होतो, म्हणून तो बरं होण्याची खूण, असा त्याचा एक अर्थ लावतात. याच्यासारखीच दिसणारी दुसरी एक काठी आहे, तिला दोन साप आणि वर पंख. ती हर्मिस या देवाची. तो निरोप्यांचा आणि व्यापाऱ्यांचा देव, वैद्यकाशी त्याचा संबंध नाही. पण दिसायला दोन्ही सारख्या, त्यामुळे भल्याभल्यांची गफलत झाली. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये दोन सापांचीच काठी घेतली. तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेचीही आधी तीच होती, १९७० नंतर त्यांनी ती बदलून एका सापाची केली. त्यावरचं व्ही हे 'व्हेटरिनरी' शब्दाचं पहिलं अक्षर.

म्हणजे साप आपला नाही, हे खरं. पण आपल्याकडे सापाचं आणि औषधाचं नातं काही कमी जवळचं नाही. कोकणात फुरसं किती, हे काय सांगायला हवं? सापाच्या विषावरचं जे इंजेक्शन आपल्याला देतात ते घोड्याच्या रक्तातून तयार होतं. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देत जायचे, त्याचं शरीर विषाशी लढणारी द्रव्यं बनवतं, मग रक्त काढून त्यातला तेवढा भाग वेगळा करायचा. सर्पदंश झालेला कोकणातला माणूस वाचतो तो अशा कुठल्यातरी घोड्याच्या जिवावर. जाऊबाईंना हे सांगितल्यावर त्या जरा नरमल्या. म्हणाल्या, "मग राहू दे, पण लहान असू दे."

आता घोडा. गुरांवर उपचार करणं आपल्याला जुनंच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गिरनारच्या खडकावर जे लेख कोरवले, त्यातल्या दुसऱ्या लेखात दोन प्रकारच्या चिकित्सा सांगितल्या आहेत, माणसांची आणि पशूंची. दोघांसाठी औषधी वनस्पती लावल्याचंही त्यात आहे. याच लेखमालेतल्या दुसऱ्या लेखांचे तुकडे आपल्या कोकण किनाऱ्यावर सोपाऱ्याला सापडले आहेत. पुढे अश्ववैद्यकाचे संस्कृत ग्रंथ शालिहोत्र ऋषींच्या नावावर रचले गेले, आणि त्या नावावरूनच घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' हा शब्द रूढ झाला. इंग्रजांच्या पलटणीतही हा शब्द चालत असे. राजाला घोडा हवा, पलटणीला घोडा हवा, म्हणून वैद्य आधी घोड्याचा. बैल शेतकऱ्याचा, त्याचं शेतकऱ्याने बघावं, असा सगळा हिशोब.

गंमत म्हणजे युरोपात पहिली शाळा निघाली ती मात्र गुरांच्या साथीमुळे. फ्रान्समध्ये ल्योन शहरी क्लोद बुर्जला नावाच्या गृहस्थांनी १७६१ मध्ये ती काढायची परवानगी मिळवली. स्वतः ते घोड्यांचे जाणकार, पण सरकारला भीती होती गुरांच्या महामारीची. ती महामारी म्हणजे आपल्याकडची बुळकांडी. तिच्याकडे पुढे येतेच.

कुत्र्याची गोष्ट तर थेट मुंबईची. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. मोकाट कुत्री मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. पकडणारे घराघरांतून, पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. ते रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, जैन आणि हिंदू व्यापारीही त्यात होते. त्यानंतर दोन वर्षांतच, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. शाळेत मी हा भाग कधीच शिकवला नाही, पुस्तकातच नव्हता. असता तर मुलांनी कान टवकारून ऐकला असता.

पांजरापोळात दया होती, पण वैद्यकशास्त्र नव्हतं. ते आलं परळला. १८८० नंतरच्या काही वर्षांत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून तिथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचं रुग्णालय निघालं, आणि त्याच्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जेम्स हेन्री स्टील, लष्करातले पशुवैद्यक. म्हणजे पुन्हा घोडाच! लाहोरची शाळा १८८२ ची, त्यामुळे आपली मुंबई देशात पहिली नसली तरी पहिल्यांत आहे. इथून शिकून बाहेर पडणारे आपल्या नावापुढे जी.बी.व्ही.सी. ही अक्षरं लावत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झालं. पुढे बरीच वर्षं परळचं हे कॉलेज त्याच्याकडे होतं. २००० साली नागपूरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालं, तेव्हा ते तिकडे गेलं.

आता गाय. इतका वेळ जिला शोधत होते ती मला शेवटी पुण्यात भेटली. १८८९ च्या डिसेंबरमध्ये सरकारने पुण्यात एक जंतूंची प्रयोगशाळा काढली, इंपीरियल बॅक्टेरियोलॉजिकल लॅबोरेटरी. कारण बुळकांडी. हा रोग कळपात शिरला की निम्म्याहून अधिक गुरं जात. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. बैल गेला की शेत पडीक, म्हणजे पुढच्या वर्षी माणसं उपाशी. अशा जंतूंचं काम भर वस्तीत नको म्हणून ती प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच, तिचं जन्मगाव पुणं. आपल्या राज्याचा पशुसंवर्धन विभागही त्याच सुमाराचा, २० मे १८९२ ही त्याची स्थापना. तेव्हा त्याला सिव्हिल व्हेटरिनरी डिपार्टमेंट म्हणत. 'सिव्हिल' हा शब्द लक्षात घ्या. लष्कराच्या घोड्यांव्यतिरिक्त रयतेच्या गुरांसाठीही वैद्य हवा, हे सरकारला इतक्या उशिरा पटलं.

मुक्तेश्वरला एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञांनी बुळकांडीचा विषाणू एका बकरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असा शेकडो वेळा नेऊन त्याची धार बोथट केली आणि १९२७ च्या सुमारास त्याची लस केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. भारतातली शेवटची लागण १९९५ ची. २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला, आणि २०११ मध्ये सगळ्या जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसांची देवी गेली १९८० मध्ये, त्यानंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. देवी गेल्याचं मी दरवर्षी वर्गात सांगत असे. बुळकांडी गेल्याचं मला नातीच्या पुस्तकातून कळलं, तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

हे वाचता वाचता मला एक माणूस आठवला, आणि तोच खरा या लेखाचा विषय आहे.

१९६० च्या आसपासची गोष्ट असेल. मी नऊ-दहा वर्षांची. म्हसळ्याजवळच्या आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. जंजिरा संस्थान विलीन होऊन बारा वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं 'नवाबाच्या अमलात' अशीच वाक्याला सुरुवात करत. त्या वर्षी गुरं मरू लागली. आधी खालच्या आळीतली, मग आमच्या शेजारची. मोठी माणसं हळू आवाजात बुळकांडी म्हणायची. आमच्या गोठ्यात दोन बैल, दोन गाई आणि एक पाडी. एक बैल आजारी पडला. बाबा रात्रभर कंदील घेऊन गोठ्यात बसायचे.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून एक माणूस चालत आला. खाकी सदरा, पायात टायरच्या चपला, खांद्यावर लाकडी पेटी आणि हातात थर्मास. आम्हाला वाटलं चहा असेल. त्यात बर्फात ठेवलेली लस होती. डॉक्टर नव्हे तो, ड्रेसर. सरकारी कागदावर या कामाला व्रणोपचारक म्हणतात हे मला फार पुढे कळलं. आम्ही सगळे त्याला 'गुरांचा डॉक्टर'च म्हणायचो, आणि पाठीमागे 'ढोरवाला'.

आजारी बैलाला बघून त्याने बाबांना सरळ सांगितलं, "हा नाही वाचायचा. याला लांब बांधा. बाकीच्यांना आता टोचतो, ती वाचतील." बाबांना ते पटेना. वाडीतले कितीतरी जण टोचून घ्यायला तयार नव्हते, टोचल्याने गुरं मरतात अशी आवई होती. तो उन्हात घराघरांतून फिरला, प्रत्येकाशी बोलला, गुरं धरायला स्वतः पुढे झाला. एका खोंडाने त्याला भिंतीशी दाबलं, तरी हातातली सुई त्याने पडू दिली नाही. आमचा बैल दोन दिवसांनी गेला. तेव्हा हाच माणूस परत आला. खड्डा किती खोल हवा, चुना किती टाकायचा, ते त्याने सांगितलं. कोणी हात लावायला येईना, म्हणून बाबांबरोबर त्यानेच बैल ओढला.

काम झाल्यावर तो अंगणात येऊन उभा राहिला आणि पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन गेली. त्याने ओंजळ केली आणि आईने वरून पाणी ओतलं. ओतताना एक पाऊल मागे सरकून ओतलं, थेंब उडू नयेत म्हणून. ओटीवर त्याला कोणी बोलावलं नाही. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि पेटी उचलून चालू लागला. आमच्या दोन्ही गाई, पाडी आणि उरलेला बैल वाचले. त्या बैलाच्या जिवावर पुढच्या पावसात शेत झालं आणि मी शाळेत राहिले, नाहीतर मला मावशीकडे कामाला पाठवायचं ठरत होतं.

त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नाही. खाकी सदऱ्याच्या खिशावर काही लिहिलेलं नव्हतं.

आईला दोष देत नाही. तिला जे शिकवलं गेलं ते तिने केलं. पण मी तर शिकले. बीए झाले, समतेवर निबंध लिहून घेतले मुलांकडून. आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा काय केलं? श्रीवर्धन, म्हसळा, सगळीकडे झाडं आडवी, गोठ्यांचे पत्रे कागदासारखे उडालेले. शेजारच्यांच्या म्हशीला पत्रा लागून मांडी फाटली होती. चौथ्या दिवशी दवाखान्यातला एक माणूस पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत आला आणि पावसात बसून त्याने म्हशीला टाके घातले. मी त्याला चहा दिला, कपात दिला, ओटीवर बसवून दिला. एवढी सुधारणा झाली खरी. पण नाव? ते मीसुद्धा विचारलं नाही. नात फोनवर सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "कोण आलं होतं गं, आजी?" मी म्हटलं, "कोणीतरी गुरांचा डॉक्टर."

असो. मूळ मुद्द्यावर येते, ॲप्रनवर.

मशीनच्या भरतकामाचा इतिहासही मी या निमित्ताने चाळला. फ्रान्समधल्या म्युलूझचे जोशुआ हाइलमान यांनी १८२८ मध्ये पहिलं यंत्र केलं. एक माणूस मोठ्या कागदावरच्या नक्षीवरून टोक फिरवायचा आणि तिकडे अनेक सुया एकदम तीच नक्षी लहान करून भरायच्या. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी शिवणयंत्रासारखा धोटा बसवून वेग वाढवला. जपानच्या ताजिमा कंपनीने १९६४ मध्ये अनेक डोकी असलेलं आपोआप चालणारं यंत्र आणलं, आणि १९८० नंतर नक्षी संगणकावर आली. पूर्वी असं चिन्ह कोणाच्या नशिबी? राजा, पलटण, मोठं कॉलेज. हाताने भरायचं म्हणजे वेळ आणि पैसा. यंत्र आल्यावर ते शाळेच्या गणवेशावर आणि हॉटेलच्या वेटरच्या खिशावरही आलं. एक नग करायचा तरी आता परवडतो.

माझं स्वतःचं भरतकाम उषाच्या पायमशीनवरचं. पायपट्टी काढून टाकायची, कापड सरकवणारे दाते झाकायचे, कापड लाकडी रिंगमध्ये ताणून बसवायचं आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत सुईखाली नक्षी काढायची. पाय थांबला तर दोरा तुटतो, हात थांबला तर गाठ बसते. आता गुडघे तेवढं ऐकत नाहीत.

मी नातीला सांगितलं, ती फाइल राहू दे, आपण आपलं चित्र करू. आलेखाच्या कागदावर मी आपली गाय काढली. कोकणातली लहान चणीची, काटक, डोंगर चढणारी. या जातीला 'कोकण कपिला' म्हणून २०१८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली आहे. दिवाळीच्या पाडव्याला गुरांच्या अंगावर वाटीने गेरूचे ठसे उमटवतो, तसे तीन गोल तिच्या पाठीवर ठेवले. पायाशी काठी आणि साप, लहान. जाऊबाईंचा मान राखायला नको का? कुत्र्याला काढलं नाही, गाईच्या मागे बसवलं. १८३२ ची दंगल वाचल्यावर त्याला बाहेर काढायचा धीर झाला नाही.

माणगावचा तो मुलगा हुशार आहे. त्याने चित्र संगणकावर घेऊन टाक्यांत बसवलं, साधारण सात हजार टाके झाले. त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे दोरा पॉलिएस्टरचा घ्यायचा, रेयॉनचा दिसतो छान पण ब्लीचमध्ये रंग सोडतो, आणि हा ॲप्रन रोज गरम पाण्यात धुतला जाणार. दुसरी, मागे बकरमसारखा कागद लावायचा, नाहीतर धुतल्यावर कापड नक्षीभोवती चुण्या धरतं.

नातीचं नाव आणि 'पशुवैद्यक' हा शब्द भरून झाला. फोटो पाठवला. तिला आवडला. मग थोडं थांबून म्हणाली, "आजी, अजून एक कोट पाठवते. आमच्या दवाखान्यातल्या काकांचा. ते व्रणोपचारक आहेत. तीस वर्षं नोकरी झाली. गाय अडली की कसं धरायचं, कुठे उभं राहायचं, हे मला पुस्तकाने नाही, त्यांनी शिकवलं. सगळ्या डॉक्टरांच्या खिशावर नाव आहे, त्यांच्या नाही. त्यांचं नाव भरून दे. पैसे मी देते."

मी म्हटलं, "पैसे मीच देणार." कारण तिला मी अजून सांगितलं नव्हतं.

'व्रणोपचारक' हा शब्द मशीनवर भरायला फार अवघड आहे, मंडळी. लहान अक्षरात 'व्र' भरून जातो, र चा तिरपा फाटा दिसतच नाही. पहिल्या वेळी 'वणोपचारक' झालं. मुलगा म्हणाला, "मॅडम, कोण वाचतंय? ड्रेसर लिहू का?" मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, अक्षर मोठं कर, ओळ दोन इंचांची झाली तरी चालेल, शिरोरेघ शेवटी एका सलग टाक्याने मार. तिसऱ्या वेळी जमलं. वर त्यांचं पूर्ण नाव, खाली हुद्दा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांची परवानगी घेतलेली नाही. पण कोटावर आहे.

घरी आल्यावर नातीला फोन केला आणि त्या जुन्या माणसाची, आईच्या तांब्याची सगळी गोष्ट सांगितली. आणि पेढ्याच्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "मला आठवतं ते." एवढंच म्हणाली. विसरले असं म्हणाली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

काकांनी कोट पहिल्या दिवशी घातलाच नाही म्हणे. घडी करून घरी नेला. दुसऱ्या दिवशी एका म्हशीचा जार अडकला होता, तेव्हा जुनाच घालून आले, नवा खराब होईल म्हणून. नातीने रागावून सांगितल्यावर तिसऱ्या दिवसापासून घालतात.

जाऊबाईंना दोन्ही फोटो दाखवले. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "गाय छान आली आहे. पण कुत्रं जरा कोल्ह्यासारखं दिसतंय."

दिसतंय खरं. पुढच्या ॲप्रनला सुधारीन.